‘यजमान बंद करा’: होस्ट आणि गेस्टला मराठीत काय म्हणावं?

उद्यमबागकर:
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याचे सर्व्हर बघतो. एका मशीनवर (होस्ट) प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावर चार व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं (गेस्ट): हिशेबाची टॅली, फाइल सर्व्हर, हजेरी आणि सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम ठेवायला उबुंटू लिनक्स. रात्रपाळीसाठी मराठीत कागद चिकटवला होता, ‘यूपीएस ओरडायला लागला की आधी पाहुणे बंद करा, मग यजमान.’ गेल्या आठवड्यात रात्री दीडला लाइट गेली. पाळीवरचा पोरगा गोकाककडचा, घरी कन्नड, मराठी चांगलं वाचतो. कन्नडात यजमान म्हणजे मालक. त्यानं कागद वाचून थेट मालकांना फोन लावला. मालक झोपेतून उठून विषय समजून घेईपर्यंत बॅटरी संपली. चारही व्हीएम एकदम गेल्या आणि टॅलीचा डेटा दुरुस्त करण्यात दुसरा अख्खा दिवस गेला. पोराची चूक नाही, माझा शब्द चुकला. होस्ट आणि गेस्टला असे शब्द सांगा की आपल्या भागातल्या दोन्ही भाषांच्या माणसाला एकच अर्थ कळेल.

खानापूर रोड:
मराठीत तरी यजमानाचा अर्थ एक कुठं आहे? आमची आजी आजोबांना ‘आमचे यजमान’ म्हणायची. मूळ संस्कृतात यज्ञ करवून घेणारा तो यजमान. पाहुण्यांची सरबराई करणारा हा अर्थ पुढचा. कन्नडानं घरचा कर्ता घेतला, आपण नवरा घेतला.

टिळकवाडी २:
कागद कशाला? प्रॉक्समॉक्सच्या होस्टला नीट शटडाउन दिलं की तो व्हीएम आधी बंद करतो.

उद्यमबागकर:
देतो की. पण टॅलीची विंडोज वेळेत बंद होत नाही, अर्ध्यात तोडली जाते. म्हणून हातानं.

निपाणीकर:
मुळात व्हीएम का म्हणायचं? आभासी यंत्र म्हणा. होस्टला आधारयंत्र, व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे हायपरवायझरला, अधिपर्यवेक्षक. शब्द वापरले की रुळतात. महापौर हा सावरकरांनी घडवलेला शब्द, आज आपल्या शहरात त्याला कोण अडखळतं? आपणच इंग्रजी शब्द उचलत राहिलो तर इथं मराठी टिकवायची कशी? शाळेत ‘आभासी प्रतिमा’ शिकलोच ना सगळे?

गोवावेस:
सगळे नाही. मी कन्नड माध्यमातला. आम्हाला ‘मिथ्य प्रतिबिंब’ होतं. आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही म्हणून ती आभासी किंवा मिथ्या, हे पटतं. पण टॅलीची व्हीएम खरी बिलं काढते, खरी आठ जीबी रॅम अडवून बसते. तिच्यात मिथ्या काय आहे?

खानापूर रोड:
बरोबर धरलंत. आयबीएमनं 1972 मध्ये व्हीएम/370 आणलं तेव्हा एका मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सामाईक संगणकावर, प्रत्येक वापरणाऱ्याला आपलं स्वतंत्र मशीन असल्यासारखं मिळायचं. तिथल्या ‘व्हर्च्युअल’चा अर्थ खोटं नव्हे, तर वेगळं नसून वेगळ्यासारखं काम देणारं. ‘आभासी’त भास आला आणि त्याबरोबर फसवणूकही आली. हायपरवायझरचं म्हणाल तर तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला सुपरवायझर म्हणत, त्याच्याही वरचा तो हायपरवायझर. ग्रीक हायपर, लॅटिन सुपर आणि आपलं उपरि एकाच मुळाचे. मराठीतलं ‘वर’ त्या उपरिमधूनच आलं.

गोवावेस:
इंग्रजीवाल्यांचंही होस्टवर कुठं एकमत आहे? 2003 मध्ये आलेल्या झेन या हायपरवायझरमध्ये कारभार बघणाऱ्या भागाला डोमेन झीरो म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये पॅरेंट पार्टिशन. कुणाला यजमान दिसला, कुणाला आईबाप. आपणही आपल्या डोळ्यांनी बघावं.

शहापूरकरीण:
मी सांगते. माझं लहानपण शहापुरातल्या वाड्यात गेलं. एका वाड्यात सहा बिऱ्हाडं. जोतं, विहीर, छप्पर सामाईक, पण प्रत्येकाची चूल वेगळी आणि कडीही वेगळी. समोरच्यांची चूल विझली तरी आमचा भात शिजत असे. एका पावसात छपराचं आढं खचलं, तेव्हा मात्र सहाही घरांची भांडी अंगणात आली. व्हीएमचं नेमकं असंच आहे. प्रत्येकीचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःचा, म्हणजे चूल स्वतःची. म्हणून एकीत विंडोज चालतं, शेजारी लिनक्स. खालचं मशीन गेलं की सगळ्याच उघड्यावर. 2013 च्या डॉकर या सॉफ्टवेअरनंतर सगळीकडे पोचलेले कंटेनर निराळे. तिथं कर्नल एकच, नुसत्या खोल्या वेगळ्या. ते एकत्र कुटुंब. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलींना हा फरक दोन तास फळ्यावर समजावला तरी कळत नव्हता. ‘चूल कुणाची ते बघा’ म्हटल्यावर लगेच कळला. तेव्हा व्हीएमला बिऱ्हाड म्हणा. गोकाकच्या पोरालाही अडणार नाही, कन्नडात बिडार आहेच, मुक्कामाची जागा.

टिळकवाडी २:
अक्का, लई भारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तेही बसतंय. व्हीएमवेअरनं 2003 मध्ये व्हीमोशन आणलं, चालती व्हीएम एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायची. आधी मेमरीची पानं पाठवायची, तेवढ्यात जी बदलली ती परत पाठवायची, शेवटी क्षणभर थांबवून उरलेली न्यायची. चूल पेटती ठेवून बिऱ्हाड हलवलं म्हणायचं.

निपाणीकर:
बिऱ्हाड हा घरगुती शब्द आहे. निविदेत ‘चार बिऱ्हाडे पुरवावीत’ असं लिहिणार का? तांत्रिक भाषेला वजन लागतं.

शहापूरकरीण:
निविदेसाठी कोण मागतंय? रात्री दीडला कागद वाचणाऱ्या पोरासाठी शब्द हवाय. अधिपर्यवेक्षक वाचून होईपर्यंत बॅटरी संपेल.

निपाणीकर:
पण बिडारवरून बिऱ्हाड आलं हे कशावरून? जुन्या मराठीत बिढार आहे. उलटंही झालं असेल.

गोवावेस:
कन्नडात बिडु म्हणजे सोडणं. प्रवासात ओझं सोडून थांबतो ती जागा बिडार. धातू तिथं असताना शब्द इकडून तिकडे कसा जाईल?

निपाणीकर:
ध्वनी जुळला की धातू सगळ्यांनाच सापडतो.

उद्यमबागकर:
काल पोराला विचारलं. बिऱ्हाड म्हटल्याबरोबर म्हणाला, ‘बिडार, ठाऊक आहे.’ गेस्टचं मिटलं. पण होस्टला काय लिहू? घरमालक लिहिलं तर तो परत मालकांनाच फोन लावणार. जुना कागद काढून ठेवलाय, यूपीएसवर सध्या काहीच नाही.

खानापूर रोड:
बिढारमधला ढ आधीचा की बिऱ्हाडमधला ऱ्ह, हे आधी बघायला हवं. ऱ्ह मागाहून आला असेल तर निपाणीकरांचं म्हणणं सोडून देता येत नाही. आमच्या खानापूरकडे म्हातारी माणसं अजून ‘बिराड’ म्हणतात, त्यात ह नाहीच.