उत्तर: तांदूळ दिला, पण शिजवायचा कशावर?

वर कोणीतरी म्हटलंय की धान्य नीट पोचलं की निर्वासितांचा अर्धा प्रश्न मिटतो. मला नाही पटत. बांगलादेशातल्या कॉक्स बझारचंच बघा ना, ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून पळालेले सात लाखांच्या वर रोहिंग्या तिथे आले, तांदूळ-डाळ मिळायला लागली, पण सरपणाचं काय? मग बायका-पोरं रोज जंगलात जायची, झाडं संपली तशी लोकांनी मुळं पण उकरली, टेकड्या उघड्या पडल्या आणि पावसात दरडींची भीती वाढली (त्यात हे जंगल म्हणजे हत्तींचा जायचा-यायचा रस्ता!). काही घरं तर रेशनचाच तांदूळ विकून लाकूड घ्यायची.

२०१८ पासून एलपीजी शेगड्या-सिलिंडर वाटले तेव्हा कुठे तोड आटोक्यात आली. आणि गॅस आसपासच्या गरीब बांगलादेशी कुटुंबांनाही दिला, हे फार शहाणपणाचं केलं, कारण जंगल त्यांचंही जात होतं आणि चिडचिड तिथूनच सुरू होते. अर्थात हे सगळं देणगीवर चालतं, त्यामुळे निधी आटला की संपलं, २०२३ मध्ये तर अन्नाचीच मदत माणशी महिना १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ वर आणली होती.