मदत हवी आहे : बालवर्गाला शिकवणाऱ्या सिस्टरांविषयी

इंदूरमधील आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी लहान मुलांना शिकवण्यात आयुष्य वेचलेल्या कॅथलिक सिस्टरांवर लेख लिहीत आहे. क्लोदीन तेवने यांनी १८१८ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला आल्या, आणि मदर तेरेसांनी १९४८ मध्ये कोलकात्याच्या मोतीझील वस्तीत जमिनीवर काठीने अक्षरे काढून वर्ग सुरू केला, इतपत माहिती हाताशी आहे. पण ती फारच कोरडी वाटते. पहाटेची प्रार्थना, दारिद्र्याचे व्रत, बदलीची आज्ञा येताच लळा लागलेली मुले सोडून निघणे, हे जवळून पाहिलेल्या माजी विद्यार्थ्यांनी किंवा सहशिक्षिकांनी कृपया आपल्या आठवणी कळवाव्यात. केवळ छडीचे किस्से नकोत. ते पुष्कळ जमले आहेत.