ड्रॉ बोर्डवर बघितल्याशिवाय रेस्ट हलवू नका

तुमच्या कंपाऊंड धनुष्याच्या पेपर टेस्टमध्ये (ताणलेल्या कागदातून बाण मारून पाहण्याच्या चाचणीत) फाडणी उभी येते, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) आणि रेस्ट (बाण टेकतो तो आधार) वरखाली करूनही जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला आधी कॅमचा, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही टोकांच्या चाकांचा संशय येतो: दोन्ही एकाच वेळी फिरत नसतील. धनुष्य ड्रॉ बोर्डवर (धनुष्य पकडून हळूहळू ताणायची चौकट) लावून सावकाश ताणा आणि दोन्ही ड्रॉ स्टॉप (कॅमचं फिरणं थांबवणारे अडसर) कधी टेकतात ते पाहा. एक आधी टेकला तर शेवटी हाताला भिंत (दोरी पुढे ताणली जात नाही ती हद्द) टणक लागत नाही, थोडी लवचीक वाटते.

खाली लिहितोय ते ट्विन कॅमसाठी, म्हणजे ज्याच्या केबलचं एक टोक कॅमवर आणि दुसरं समोरच्या अ‍ॅक्सलवर असतं. हायब्रिड किंवा बायनरी प्रकारचे कॅम असतील तर उत्पादकाची पुस्तिकाच पाहा, तिथे हिशेब वेगळा. वरचा स्टॉप आधी टेकत असेल तर वरच्या कॅमवर गुंडाळल्या जाणाऱ्या केबलला पीळ वाढवा. केबल आखूड होते, कॅम मागे राहतो. नाहीतर खालच्या कॅमच्या केबलचा पीळ सोडा. एका वेळी अर्धा किंवा एकच पीळ, आणि तोही बो प्रेसमध्येच (धनुष्य दाबून दोरी-केबल सैल करणारं यंत्र). प्रेस नसेल तर दुकानात न्या, कृपा करून घरगुती जुगाड करू नका.

नंतर ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे येते), ब्रेस हाइट (न ताणलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर), ताण (दोरी ओढायला लागणारा जोर) आणि पीप (दोरीतली नेम धरायची छोटी कडी) पुन्हा तपासा. नवी दोरी-केबल असेल तर शंभर-दोनशे बाणांनंतर परत बघा, ती ताणली जातेच. ५० मीटरवर कंपाऊंडच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटीमीटरचं असतं, तिथे हा फरक जाणवतो.