पाठलाग म्हणजे भांडण नाही

दोन गोल्डफिश तिसरीला पहाटेपासून कोपऱ्यात रेटताहेत, त्यांना वेगळं करू का, असं विचारलंय. थांबा जरा. पळवणाऱ्यांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे दाणे दिसतात का? दिसले तर ते नर, आणि ही वीण. (मी पहिल्यांदा ते दाणे रोग समजून औषध आणायला निघालो होतो!) पोटाला ढुशा देऊन ते मादीला अंडी सोडायला लावतात. अंडी चिकट, पाणवनस्पतींना लागतात आणि आईबापच ती मटकावतात. पिल्लं हवी असतील तर वनस्पतीच दुसऱ्या टबात हलवा. पाण्याच्या तापमानानुसार अंडी साधारण ४ ते ७ दिवसांत फुटतात. मादी अगदीच दमलेली दिसली तर मात्र काढा, छोट्या टाक्यात तिला लपायला जागाच नसते. नंतर थोडं पाणी बदलाच.