वस्तीत हक्कांचा वर्ग सुरू करायचाय, सुरुवात कुठून करावी?

येरवडेकर
आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी, सगळे नोकरी सांभाळून करणारे. येरवड्यातल्या एका वस्तीत समाजमंदिराची खोली रविवारी मिळते आहे. मानवी हक्क, संविधान, रोज लागणारे कायदे लोकांसोबत बसून शिकायचे असा विचार आहे. फी नाही, मानधन नाही. विषयांचा क्रम काय ठेवावा, वेळ कोणती? आमच्यात वकील कोणीच नाही, त्याची धास्ती वाटते. असं काम केलेल्यांनी सविस्तर सांगा.

पर्वतीपायथा
रविवारची सकाळ नको. पाणी भरणं, धुणं, बाजार त्याच वेळी असतं. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार थोडी उसंत मिळते, तेव्हा बसा.

पहिल्या दिवशी भाषण करू नका. "कुठला कागद अडलाय?" एवढंच विचारा. प्रत्येकीच्या घरी कागदांची एक प्लास्टिकची पिशवी असतेच, ती घेऊन या म्हणायचं. रेशनकार्डात सुनेचं नाव चढत नाही, निराधार योजनेचा अर्ज पडून आहे, मुलाचा शाळाप्रवेश राहिलाय. त्यातला एक कागद घ्यायचा आणि त्या दिवशी तोच धडा.

शाळाप्रवेशाचंच बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या पायरीच्या वर्गात २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. आर्थिक दुर्बल गटातून अर्ज केला तर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना तो लागत नाही, जातीचा दाखला पुरतो. हे माहीत नसल्यामुळे लोक रोजगार बुडवून तहसील कचेरीत रांगा लावतात, फार वाईट वाटतं. हे समजावताना संविधानातलं शिक्षणाच्या हक्काचं कलम २१-क आपोआप येतं आणि लक्षातही राहतं.

दुसरा विषय माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस. कारण सांगावं लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कामच आहे, कायद्यात तसं आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. म्हणून वर्गात सगळ्यांनी मिळून अर्ज लिहायचा सराव घ्या. गाऱ्हाण्यातून नेमका प्रश्न काढायला लोक तिथे शिकतात.

वकील_शिवाजीनगर
वकील नाही म्हणून थांबू नका, पण खटल्याबद्दल सल्लाही देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा, हेल्पलाइन १५१००. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पोलिसांबद्दल दोनच गोष्टी पक्क्या करून घ्या: एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, आणि साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं.

एखादी घरातल्या मारहाणीबद्दल बोलू लागली तर चारचौघांत चर्चा नको. नंतर एकटीला भेटा, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर द्या. नवरा त्याच गल्लीत राहतो हे विसरू नका. फोटो तर अजिबात नकोत.

रेखा_कासेवाडी
माझी आई कचरावेचक, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेची जुनी सभासद. १९९३ साली ही पंचायत झाली. पुढे महापालिकेने पंचायतीचं ओळखपत्र मान्य केलं, तेव्हा चोर म्हणून हटकणाऱ्याला ते कार्ड दाखवायची ताकद आईला आली. ते शिकवणाऱ्या बायका तिच्यासारख्याच होत्या, म्हणून तिला पटलं. तुमच्या गटात पहिल्या दिवसापासून वस्तीतल्या दोघी-तिघी घ्या, त्यांनाच बोलू द्या. शेजारी कानडी बोलणारी कुटुंबं असतील तर त्यांच्यातली एक तरी हवीच.

सदाशिव_काका
सगळं पटलं, तरी संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा बाजूला ठेवू नका. त्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असं होतं, ते 'सर्व माणसं' करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी. हे ऐकायचा हक्क वस्तीतल्या मुलींना आहे. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी वाचा.

पर्वतीपायथा
काका, वाचाच, मुलींकडूनच वाचून घ्या. फक्त पहिल्या रविवारी नको.

येरवडेकर
मनापासून आभार. दुपारची वेळ ठरवली, शाळाप्रवेशापासून सुरुवात करतो. रेखाताई, कानडी आणि मराठी दोन्ही येणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.