मेणकापडाच्या टोपल्या: टाका मोठाच हवा

टाका बारीक घेतला की शिवण पक्की बसते असं अशा टोपल्या शिवण्याबद्दल एका ताईंनी लिहिलंय, ते सुती कापडाला ठीक आहे हो, पण रेक्झिन किंवा टेबलावर घालतो त्या प्लास्टिकच्या कापडाला नेमकं उलटं होतं. ह्यात सुईचं भोक बुजत नाही, कायमचं राहतं, मग बारीक टाक्यामुळे पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि भरलेली टोपली कडेला धरून उचलली की बरोब्बर तिथेच टरकते. मशीनवर टाक्याची लांबी ४ वर ठेवा, सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. टाचण्याही त्याच कारणाने नकोत, कपड्यांचे छोटे चिमटे पुरतात. आणि कापड मशीनच्या पायाला (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) चिकटून पुढे सरकत नसेल तर तेल बिल लावू नका (अस्तरावरचा डाग कोण काढणार!), वर बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यासकट शिवायचं, नंतर ओढली की भोकांवरून सहज फाटून येते.

तळाचा हिशोब कुणी दिला नाही म्हणून सांगते, बाजू आणि तळ शिवून झाले की खालच्या कोपऱ्यात शिवणीपासून मोजून जेवढा चौकोन कापाल, तो कोपरा उघडून कडा जुळवून शिवला की त्याच्या साधारण दुप्पट तळाची रुंदी मिळते, म्हणजे २ इंच कापलं तर साधारण ४ इंच, पण उंचीतले २ इंच जातात हे तुकडा निवडतानाच धरायचं. इस्त्री अजिबात नको, घड्या चमच्याच्या पाठीने दाबा, छान बसतात.