बोली रंगमंचावर आधी आली

मराठवाडी बोलीला भाव मिळाला तो मकरंद अनासपुरेंच्या सिनेमांमुळे, असं म्हणतात. पडद्यापुरतं मान्य. पण रंगमंचावर प्रा. लक्ष्मण देशपांडे हे काम १९७९ पासून करत होते! औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा ५२ पात्रं उभी करायचा. मेकअप नाही, कपडेपट नाही. कंबर वाकली, आवाज जरा चिरकला की समोर म्हातारी. पुढच्या वाक्याला तिचाच नातू. गिनीजची नोंद वगैरे ठीक, पण आमच्याकडे लग्नघरात त्याच्या कॅसेटी वाजायच्या, ही पावती मला मोठी वाटते. २००९ मध्ये सर गेले. पुढे संदीप पाठकांनी प्रयोग हाती घेतला, तेही मराठवाड्यातलेच. सिनेमे सांभाळून एवढा दमसास टिकवणं सोपं नाही राव.